हेड पॅकिंग पुन्हा पुन्हा का उडतं? जुन्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी

हेड पॅकिंग म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावर बसणारं हेड यांच्या मधलं, गॅस-पाणी-तेल अडवणारं पातळ पॅकिंग. उसाचा हंगाम लागला की निपाणी, संकेश्वर, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात एक तक्रार हटकून कानावर येते. "आत्ताच हेड उतरवलं होतं, नवं पॅकिंग टाकलं, आणि परत पाणी फेकायला लागला." मिस्त्री कानडी असेल तर बॉनेट उघडायच्या आधीच सांगून मोकळा होतो, "हेड पॅकिंग होग्याद री," म्हणजे हेड पॅकिंग गेलंय. निदान बहुतेक वेळा बरोबरही असतं. पुढचं ठरलेलं. दुकानातून नवं पॅकिंग येतं, संध्याकाळपर्यंत हेड जागेवर बसतं, पान्याला पाइप लावून बोल्ट आवळले जातात आणि रात्री ट्रॅक्टर पुन्हा फडात. हंगाम अर्धा होतो न होतो तोच पुन्हा तीच रड.

पॅकिंग पहिल्यांदा गेलं तर म्हातारं होऊन गेलं म्हणता येतं. त्याच जागेवर दुसऱ्यांदा गेलं, तर ते तिथे कुणीतरी उडवतंय. एक तर खालची-वरची (ब्लॉकची आणि हेडची) पाठ सपाट नाही, किंवा बोल्ट दिसायला घट्ट आहेत पण दाब देत नाहीत, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त तापतंय. हे तीन तपासल्याशिवाय टाकलेलं नवं पॅकिंग म्हणजे पुढच्या खर्चाचा आगाऊ हप्ता. खालचं सगळं या दुसऱ्या वेळेसाठी आहे.

बोलतोय ते पाण्यावर थंड होणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनांबद्दल. महिंद्रा बी-२७५, मॅसी १०३५, जुने स्वराज, असे आपल्याकडे अजून ट्रॉली ओढणारे. एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या जुन्या आयशरची गोष्ट वेगळी. तिथे पाणीच नाही, त्यामुळे खालच्या निम्म्या खुणा त्याला लागू होत नाहीत.

आधी खात्री करा

रेडिएटरमधून पाणी बाहेर येतंय म्हणजे पॅकिंगच गेलं असं नाही. जाळी चोंदली, फॅन बेल्ट सैल पडला, वॉटर पंपाचा पंखा झिजला, तरी इंजिन उकळतं आणि पाणी फेकतं. फरक असा, की या कारणांनी पाणी येतं ते इंजिन तापल्यावर. पॅकिंगमधून गॅस पाण्यात शिरत असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात वरचा रबरी पाइप कडक होतो, हात लावला तर पाइप अजून कोमटसुद्धा नसतो.

सगळ्यात सोपी आणि फुकटची परीक्षा: रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचा फॅन बेल्ट काढा, म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही आणि पाणी ढवळणार नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, टोपी उघडी ठेवा, इंजिन सुरू करा. पॅकिंगमधून गॅस येत असेल तर ओळीने बुडबुडे उठतात आणि थांबत नाहीत. सुरुवातीला एकदोन बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा होती. बेल्टशिवाय इंजिन दोनतीन मिनिटांच्या वर चालवू नका.

बुडबुडे येत असतील तर कुठल्या सिलिंडरचे, तेही तिथेच कळतं. एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट थोडा सैल करा, त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. ज्याचं डिझेल तोडल्यावर बुडबुडे एकदम कमी होतात, गळती त्याच्यापाशी. हे करताना सुटणाऱ्या डिझेलसमोर हात धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि अशी जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी थेट दवाखाना गाठावा लागतो.

बाकी खुणा सगळ्यांना माहीत आहेत. तेलाची पट्टी काढली तर तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. सायलेन्सरमधून तापल्यावरही पांढरी वाफ येत राहते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मार खातात. ही शेवटची खूण पक्की. दोन सिलिंडरांच्या मधली अरुंद पट्टी फुंकली की दोघांचंही कॉम्प्रेशन एकमेकांत जातं. तेलात पाणी दिसलं तर मात्र ट्रॅक्टर तसाच चालवत घरी आणू नका, ओढून आणा. दुधाळ तेलावर बेअरिंग फार टिकत नाहीत, आणि मग हेडचं काम क्रँकपर्यंत जातं.

उतरवताना

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम हेडचे बोल्ट सोडले तर हेड वाकतं, आणि ते वाकणं आपण पॅकिंगच्या नावावर टाकतो. रेडिएटरचं पाणी सोडून भागत नाही, ब्लॉकचा खालचा कॉकही उघडा. तो बहुधा गाळाने चोंदलेला असतो, तार घालून मोकळा करा. नाहीतर हेड उचललं की उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये आणि बोल्टच्या भोकांत उतरतं. भोकांतल्या पाण्याचं पुढे सांगतो.

बोल्ट सोडायचे ते आवळण्याच्या उलट क्रमाने. बाहेरचे आधी, मधले शेवटी, आणि एकदम नाही, सगळे थोडेथोडे. पुशरॉड (व्हॉल्व उघडायला रॉकरला खालून ढकलणारी सळई) ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत गेला पाहिजे. पुठ्ठ्याला ओळीने भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. नोझल काढल्याशिवाय हेड जमिनीवर पालथं ठेवू नका, टोकं खाली डोकावत असतात. डिझेलच्या पाइपांची आणि पंपाची तोंडं स्वच्छ फडक्याने बांधा.

जुनं पॅकिंग फेकू नका

बहुतेक शेडमध्ये हेड उचललं की जुनं पॅकिंग पहिल्यांदा कोपऱ्यात जातं. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात कामाची वस्तू तीच असते. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघा.

सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या रिंगवर दाबाची खूण सगळीकडे सारखी, चकचकीत दिसली पाहिजे. एखाद्या बाजूला ती पुसट असेल आणि तिथून काजळीचा काळा ओघळ पाण्याच्या भोकाकडे गेला असेल, तर गॅस तिथूनच जात होता. आता त्या जागेच्या अगदी वरचं हेड, अगदी खालचा ब्लॉक आणि सगळ्यात जवळचे दोन बोल्ट, इतकंच बघायचं. तपास निम्म्याने कमी होतो. पाण्याच्या भोकांभोवतीचा मसाला (पॅकिंगचं आतलं भरण) फुगून, कुजून सुटला असेल तर वर्षानुवर्षं कूलंटशिवाय नुसतं पाणी वापरलं असं समजा. सगळीकडेच खूण पुसट असेल, तर बोल्ट पूर्ण आवळलेच नव्हते, किंवा आवळून नंतर फेरआवळणी झाली नव्हती.

तांबं-अॅस्बेस्टॉसची जुनी पॅकिंगं अजून कुठे कुठे निघतात. ब्लॉकला चिकटलेला मसाला कोरडा घासू नका, वायर ब्रश लावून धूळ तर मुळीच उडवू नका. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाणी मारून ओलं करा, पत्र्याने खरवडा, ओलंच पिशवीत भरा.

पाठ सपाट आहे का?

हेड तपासायची पद्धत सगळे जाणतात. सरळ पट्टी उभी धरायची, खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं. चारही कडांनी आणि दोन्ही कर्णांनी. जुन्या ओतीव लोखंडी हेडला साधारण ०.१० मिलिमीटरच्या वर फट मिळाली की सरफेस मारायला, म्हणजे मशिनवर पाठ सपाट करायला, पाठवतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. आमच्याकडून निपाणीची माणसं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातात, बेळगावकडची उद्यमबागेत. दोन्हीकडे चांगलं काम होतं. पण हेड देताना "जेवढं लागेल तेवढंच घ्या" हे तोंडाने सांगा. जास्त घेतलं तर हेड पातळ होतं, व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात, आणि पुढच्या वेळी घ्यायला काही उरत नाही. सरफेसच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. तडा गेलेल्या हेडला सरफेस मारणं म्हणजे पैसे दोनदा. तडा बहुधा दोन व्हॉल्वच्या सीटमध्ये किंवा नोझलच्या भोकाकडे जाणारा असतो, नुसत्या डोळ्याने दिसेलच असं नाही.

हेड सरफेसला जातं, पण ब्लॉककडे कुणी बघत नाही. ब्लॉक ट्रॅक्टरवरच असतो, उचलून नेता येत नाही, म्हणून "तो काय वाकतोय" म्हणून सोडून देतात. पुन्हा पुन्हा पॅकिंग जाणाऱ्या इंजिनांत मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच दिसलाय.

आमच्या पाहुण्यांच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्येच दर वेळी पॅकिंग जायचं. हेड सरफेस मारलेलं, पॅकिंग चांगल्या कंपनीचं, बोल्ट टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर झाला की कट् वाजणाऱ्या पान्याने) आवळलेले. मालक वैतागून ट्रॅक्टर विकायला निघाले होते. मिस्त्र्यांनी ब्लॉक डिझेलने पुसून कोरडा केला आणि ऑइल स्टोनला थेंबभर तेल लावून पाठीवरून नुसता सपाट फिरवला, जोर न देता. दोनचार फेऱ्या झाल्यावर पुसून बघितलं. सगळी पाठ मळकट करडी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या दोन बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक चकचकीत रिंगा. नखाने चाचपलं तर नख अडत होतं. सरळ पट्टीखाली हे कळलं नव्हतं, कारण पट्टी त्या भोकांवर ठेवलीच नव्हती.

"तात्या, पॅकिंग चांगलं हाय हो. त्याला बसायलाच जागा न्हाई," मिस्त्री म्हणाले.

झालं होतं असं, की कधीतरी लांब पाइप लावून बोल्ट गरजेपेक्षा फार आवळले गेले. बोल्टने वरचा आटा ओढला, आट्याबरोबर भोकाच्या तोंडाचं लोखंड वर आलं. आता हेड बसवलं की ते आधी त्या उंचवट्यावर टेकतं. बोल्टचा सगळा जोर उंचवट्यावर खर्च होतो आणि दोन बोटं बाजूला, जिथे सिलिंडरची रिंग आहे, तिथे दाब पोचतच नाही. टॉर्क पाना मात्र कट् करून सांगतो की पूर्ण झालं.

इलाज महाग नव्हता. भोकापेक्षा मोठं ड्रिल बिट हाताने, मशिनला न लावता, भोकाच्या तोंडावर फिरवून बारीक चॅम्फर (तिरकी कड) काढला, म्हणजे पहिला आटा पाठीच्या खाली गेला. मग ऑइल स्टोन सपाट धरून उंचवटा उतरवला. चुरा सिलिंडरमध्ये किंवा पाण्याच्या भोकांत जाऊ नये म्हणून सगळी भोकं ग्रीस लावलेल्या फडक्याने बुजवली होती. ग्राइंडरला एमरी डिस्क लावून ब्लॉक "साफ" करणारेही असतात. तसं करू देऊ नका. चकाकी येते आणि खड्डे पडतात.

ज्या इंजिनाच्या लायनरला (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळीला) पाणी थेट लागतं, तिथे आणखी एक माप आहे. लायनरचा काठ ब्लॉकच्या पाठीपेक्षा किंचित वर असावा लागतो, मिलिमीटरच्या काही शतांशांनी, इंजिनानुसार आकडा वेगळा. तो काठच पॅकिंगच्या रिंगला दाबून धरतो. काठ खाली गेला असेल, किंवा एक लायनर वर आणि शेजारचा खाली असेल, तर वरून कितीही आवळा. डेप्थ मायक्रोमीटर किंवा डायल लावून प्रत्येक लायनर चार ठिकाणी मोजा. लायनर नवे टाकताना खालच्या बैठकीवर जुना गंज राहिला की हा घोळ हमखास होतो.

भोकं आणि बोल्ट

बोल्टच्या भोकांत पाणी, तेल किंवा गाळ असेल आणि भोक खालून बंद असेल, तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं. पाणी दबत नाही. एक तर टॉर्क खोटा येतो, बोल्ट पाण्यावर टेकलेला असतो आणि हेडवर दाब नसतो. नाहीतर ब्लॉक फुटतो. हा दुसरा प्रकार मी पाहिलाय, वेल्डिंगवाल्याकडे नेऊनही तो ब्लॉक नीट झाला नाही.

भोकं साफ करायला दुकानातला कापणारा टॅप शक्यतो नको, तो आटेच थोडे खातो. त्यापेक्षा त्याच इंजिनाचा एक जुना, चांगल्या आट्याचा बोल्ट घ्या, हॅक्सॉने त्याच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने दोनतीन खाचा पाडा आणि तो हाताने आतबाहेर फिरवा. गंज खाचांत भरून बाहेर येतो. मग कॉम्प्रेसरची हवा, डोळ्यावर चष्मा लावूनच. शेवटी तारेला कोरडं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला; ओलं निघालं तर पुन्हा.

काही भोकं आरपार पाण्याच्या पोकळीत उघडतात. त्या बोल्टची टोकं गंजलेली निघतात, त्यावरून ओळखा. तिथे आट्यांना सीलंट लावावं लागतं, नाहीतर आट्यांतून पाणी वर चढतं आणि आपण समजतो पॅकिंग गळतंय.

बोल्ट ताणला गेलाय का, हे बघायला यंत्र लागत नाही. त्याच मापाचा नवा नट हाताने पूर्ण आट्यांवरून फिरवा. जिथे नट अडेल तिथे आटे ताणलेले आहेत. सगळे सारख्या मापाचे बोल्ट एका सपाट पट्टीवर डोकी टेकवून उभे करा. एखादा लांब दिसला, किंवा आट्यांच्या वर मधे बारीक झालेला दिसला, तो बाद. आणि जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या इंजिनांना, मॅसी १०३५ च्या इंजिनासारख्या, इंची आटे असतात. तिथे "जवळपास बसतोय" म्हणून मिलिमीटरचा बोल्ट घुसवला की भोक कायमचं गेलं.

आवळणं

टॉर्कचा, म्हणजे किती पीळ देऊन आवळायचं त्याचा, आकडा मी इथे देत नाही. एकाच नावाच्या ट्रॅक्टरला वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं, कुठे बोल्ट कुठे स्टड, असं झालेलं आहे. आकडा आणि क्रम तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या. पण आकडा मिळाल्यावर त्याच्या पुढे काय लिहिलंय ते दोनदा वाचा. जुन्या पुस्तकांत फूट-पाउंड, काहींत किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचा किलोमीटर नव्हे), नव्या पान्यांवर न्यूटन-मीटर. पुस्तकात ८० फूट-पाउंड असेल आणि पाना ८० न्यूटन-मीटरवर लावला, तर प्रत्यक्षात ५९ फूट-पाउंडच आवळलं जातं, म्हणजे पाव हिश्शापेक्षा जास्त कमी. असं पॅकिंग ट्रॉलीच्या पहिल्या चढाला जाणार. हिशेब असा: १ किलो-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर म्हणजे ७.२३ फूट-पाउंड. १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर.

हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्या मिस्त्र्यांबद्दल मला आदर आहे, पण अंदाज पान्याच्या लांबीवर अवलंबून असतो. ४५ सेंटिमीटरच्या पान्याला २५ किलोचा जोर म्हणजे सव्वाअकरा किलो-मीटर. तोच जोर एक मीटर पाइपला लावला की २५ किलो-मीटर. हाताला दोन्ही सारखंच वाटतं. वरच्या उंचवट्यांची गोष्ट इथूनच सुरू होते.

उसना आणलेला टॉर्क पाना खरा आहे का, तेही घरी बघता येतं. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडा, पाना आडवा ठेवा, मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर २० किलोचं वजन टांगा. १० किलो-मीटर झालं, म्हणजे ९८ न्यूटन-मीटर किंवा ७२ फूट-पाउंड. पाना त्याच्या आसपास कट् वाजला पाहिजे. पान्याच्या स्वतःच्या वजनाने थोडा फरक पडतो, तेवढा सोडून द्या. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, स्प्रिंग ताणून ठेवू नका.

आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि हेड दाबायला उरतो तो दहाएक टक्के. म्हणून गंजका, कोरडा बोल्ट आणि तेल लावलेला बोल्ट, एकाच आकड्यावर आवळूनही वेगळा दाब देतात. पुस्तक हलकं तेल म्हणत असेल तर सगळ्या आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा एक थेंब, एवढंच. भोकात तेल ओतायचं नाही, आणि चार बोल्ट कोरडे, चार ओले असं तर नकोच. वॉशर असतील तर सपाट बाजू बघून बसवा.

नवं पॅकिंग बसवण्याआधी जुन्यावर ठेवून सगळी भोकं जुळतात का बघा. वर किंवा पुढे अशी खूण असेल तर ती पाळा. पॅकिंगला ग्रीस, वंगण, शेलॅक असलं काही कंपनीने सांगितल्याशिवाय लावू नका. हेड सरळ खाली उतरवा, सरकवू नका, नाहीतर रिंगची कड दुमडते. दोन लांब बोल्टची डोकी कापून त्यांना खुंट्या म्हणून वापरलं तर एकटा माणूसही हेड अचूक बसवतो.

क्रम मधून बाहेर, आलटूनपालटून दोन्ही बाजूंना. एकदम पूर्ण नाही. शेवटचा आकडा ९० असेल तर सगळे आधी ३०, मग सगळे ६०, मग ९०. पाना सावकाश, एका दमात ओढा. कट् वाजला की सोडा, दुसऱ्यांदा कट् वाजवायला जाऊ नका. पूर्ण फेरी झाल्यावर चहा घ्या. तेवढ्यात पॅकिंग बसतं. मग त्याच क्रमाने ९० ची आणखी एक फेरी. काही बोल्ट थोडे फिरतील. सॉकेटला सरळ एक्स्टेन्शन लावलं तर टॉर्क बदलत नाही. पण पान्याच्या पुढे आडवा जोड लावला तर हात लांब होतो आणि आकडा चुकतो.

फेरआवळणी

इथे जवळपास सगळेच पळवाट काढतात, कारण ट्रॅक्टर सुरू झालेला असतो आणि फडात टोळी वाट बघत असते. जुन्या मसाल्याच्या पॅकिंगला पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर दाब कमी होतोच. इंजिन तापेपर्यंत चालवा, पुस्तक गरम म्हणत असेल तर गरम, थंड म्हणत असेल तर थंड झाल्यावर फेरआवळणी करा. त्यानंतर २५ ते ५० तास चालल्यावर आणखी एकदा. काही नव्या प्रकारच्या पॅकिंगच्या पाकिटावर फेरआवळणी नको असं छापलेलं असतं. तिथे पाकिटाचं ऐका.

नुसता पाना लावून कट् वाजतोय का बघणं ही फेरआवळणी नव्हे. बसलेला बोल्ट हलवायला जास्त जोर लागतो, म्हणून पाना आधीच वाजतो. क्रमाने एक बोल्ट पाव फेरा सैल करा, लगेच पूर्ण टॉर्कला आणा, मग पुढचा. सगळे एकदम सैल करू नका. आणि रॉकर ब्रॅकेटच्या खाली किंवा आड आलेले बोल्ट विसरू नका. ते काढायला कंटाळा येतो, म्हणून तेच राहतात, आणि पॅकिंग नेमकं तिथे जातं.

फेरआवळणीनंतर टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व यांच्या मधली फट) पुन्हा लावा. हेड किंचित खाली बसतं, रॉकर खाली येतो, पुशरॉडची लांबी तीच. म्हणजे टॅपेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि सीट जळते. पॅकिंग टिकलं पण वर्षभरात व्हॉल्व गेले, अशी बरीच इंजिनं या एका कारणाने उघडावी लागतात.

मग तापतंय का?

वरचं सगळं बरोबर करूनही पॅकिंग जात असेल तर इंजिनाच्या बाहेर बघा.

आपल्याकडे पाण्याचे प्रकार तालुक्यागणिक बदलतात. अथणी, रायबागकडे काळ्या रानातल्या बोअरचं पाणी जड. त्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पाणवाटांत पांढरा थर बसतो. खानापूर, बेळगावच्या भाताच्या पट्ट्यात चिखलणी करताना जाळीवर चिखल वाळून बसतो. फडात पाचट आणि धूळ जाळीच्या आतल्या बाजूलाही अडकते. जाळी इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकवू नका. पाण्यासाठी गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावरचा एक कॅन पुरतो. त्यात कूलंट निम्मं. बोअरचं पाणी बैलांना द्या.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकायची सवय फार. तापतो म्हणून काढला, हे कारण असेल तर तापण्याचं कारण तसंच राहतं. थर्मोस्टॅट नसला की सकाळी इंजिन उशिरा तापतं, सिलिंडर झिजतात, आणि बायपासची वाट उघडी राहणाऱ्या इंजिनांत काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरतं. गरम पाण्याच्या भांड्यात टाकून तो उघडतो का बघा, नाही उघडला तर नवा घ्या.

आणि डिझेल पंप. डबल ट्रॉली ओढायला ताकद कमी पडते म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेणारे, टायमिंग थोडं पुढे घेणारे ट्रॅक्टर या भागात कमी नाहीत. काही दिवस ओढ मिळते खरी. पण टायमिंग पुढे गेलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, डिझेल वाढलं की उष्णता वाढते, आणि दोन सिलिंडरांमधली अरुंद पट्टी आधी जाते. चढाला सतत काळा धूर सोडणाऱ्या आणि दर हंगामात पॅकिंग खाणाऱ्या ट्रॅक्टरचा पंप आधी बेंचवर तपासून मूळ मापावर आणा. तवंदी घाटात इंजिन उकळलं तर बाजूला घ्या, हळू चालू ठेवून थंड होऊ द्या, मगच बंद करा. टोपी गरम असताना उघडू नका. वाफाळलेल्या इंजिनात थंड पाणी ओतून हेडला तडा पाडणारे दर हंगामात भेटतात.

तडा गेलेलं हेड बदलायचं झालं तर जुन्या बाजारातलं मिळतं, आणि जुन्या मॉडेलला बहुधा तेच परवडतं. घेताना ओतीव अंगावरचा नंबर तुमच्या हेडशी जुळवा, आधी किती वेळा सरफेस मारलंय ते बघायला जाडी मोजा, व्हॉल्वच्या सीट खाली किती गेल्यात ते बघा. प्रेशर टेस्ट विकणाऱ्याच्या समोर करून घ्या. टेस्टला कुठे पाण्याचा थेंब दिसला नाही, तरच पैसे मोजा.